पाच सूत, थोडं सैल

मंगळवारी सकाळी माझा नवरा ड्यूटीवर गेला. दुपारी त्याच्या ऑफिसातून फोन आला. संध्याकाळी आम्ही त्याला तापीवर नेलं.

त्या दुपारी भुसावळच्या आमच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात माणसं जमली, तेव्हा कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, "कितीला उचलायचं?" आमच्याकडे असंच विचारतात. त्यात गैर काही नाही. लांबचे नातेवाईक यायचे असतात, वेळ ठरवावीच लागते. पण माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, भिंतीला टेकून बसले होते ते एकदम ताठ झाले. "उचलू नको," एवढंच म्हणाले. लोकांना वाटलं, बापाचं काळीज आहे. मला माहीत होतं की तो शब्द त्यांना कुठे लागला.

आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत एक रेल्वे होती. नवरा रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या गाड्या फोनवरून पुढे काढायच्या, कुणाला थांबवायचं, कुणाला सोडायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. घरी आल्यावर तो तेच छोट्या गाड्यांचं करायचा. प्लायवूडचा एक मोठा बोर्ड, त्यावर एक स्टेशन, लंबगोल मेन लाइन, स्टेशनाजवळ तिला समांतर लूप, म्हणजे एका गाडीला बाजूला घेऊन दुसरीला वाट द्यायची लाइन, आणि भिंतीकडेला यार्ड. कुणी खेळणं म्हटलं की तो गप्प व्हायचा.

त्याचा एक नियम होता. गाडी हाताने उचलायची नाही. नवीन आणली की एकदा रुळावर ठेवायची, त्यानंतर तिने रुळावरच राहायचं. खेळ संपला की डबे उचलून खोक्यात भरायचे, हे त्याला सहन होत नसे. "गाडी उचलते ती क्रेन," तो म्हणायचा, "आणि क्रेन येते ती अपघात झाल्यावर." आबा भडगावजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आले तेव्हा सुरुवातीला हसायचे. "एवढा मोठा साहेब व्हयना आन् खेळस काय रे!" पण महिन्याभरात त्यांचं स्टूल मागच्या खोलीत गेलं. नंतर घरी आलेल्या पाहुण्यांना तेच दटावायचे, "हात नको लावू. उचलानी नही शे ती."

निवृत्तीनंतर राहायला आम्ही जळगावला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन ठेवला होता. मी तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, रोजचं जाणंयेणं चुकलं असतं. अडचण एवढीच की तिथल्या बाहेरच्या खोलीत बोर्डाचा स्टेशनाकडचा भाग कसाबसा बसत होता. यार्ड बसत नव्हतं. आणि यार्ड नाही तर गाड्या उभ्या कुठे करायच्या?

संध्याकाळचा चहा घेता घेता तो मला हे समजावून सांगायचा. यार्डात गाड्यांपेक्षा वाटाच जास्त जागा खातात. एका लाइनीतून दुसरी फुटते ती पॉइंटवर, दुसरीतून तिसरी पुढच्या पॉइंटवर, आणि सगळ्या सरळ होईपर्यंत अर्धा बोर्ड संपलेला असतो. मग त्याने बोर्डाखाली दुसरा मजला काढायचा विचार केला. पण खाली उतरायला लांब उतार हवा, आणि तिथे गाडी घसरली तर हात पोचत नाही. मग ड्रॉवरसारखी सरकती फळी. फळीवर शेजारीशेजारी रूळ टाकायचे, हवा तो रूळ मेन लाइनीसमोर सरकवायचा, एकही पॉइंट लागत नाही. पण फळी सरकायला दोन्ही बाजूंनी जागा हवी आणि तिथे नेमकं स्वयंपाकघराचं दार येत होतं.

शेवटी तो चॅनेलवर आला. प्लायची अरुंद पट्टी, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचे दोन अँगल समोरासमोर. अँगलच्या आडव्या कडा हेच रूळ, उभ्या कडा हे कठडे. पट्टी बोर्डाच्या टोकाला जोडायची, गाडी आपल्या चालीने आत येणार, दोन्ही तोंडांना स्पंज लावायचा आणि पट्टी नेऊन भिंतीवरच्या फळीवर ठेवायची. एकीवर एक, जितक्या फळ्या तितक्या गाड्या.

"उचलायची नाही ना गाडी?" मी म्हटलं.

"गाडी कुठे उचलतोय? रूळ उचलतोय. गाडी रुळावरच आहे."

"वा साहेब! बरोबर नियमात बसवलंत."

"तुझ्या पुस्तकांची एक रॅक देशील?"

"आणि पुस्तकं कुठे ठेवू? तुमच्या यार्डात?"

तो विषय तिथेच राहिला.

त्या मंगळवारी ड्यूटीवर निघण्याआधी त्याने एक पॅसेंजर लूपला घेतली होती. इंजिन आणि मागे डबे. शर्टाची बटणं लावत आबांना म्हणाला, "ही इथे उभी राहू दे, आबा. संध्याकाळी सोडतो."

नंतर काही काळ क्वार्टर आमच्याकडे राहिलं. मुदत संपत आली तशी मी सामान बांधायला लागले. आबा मागच्या खोलीतून हलत नव्हते. जेवण तिथेच, तेही दोन घास. गाडीवर धूळ बसत होती. मी फडकं घेऊन गेले की म्हणायचे, "राहू दे. त्यानी सांगेल शे, संध्याकाळले सोडसू." मी जळगावचं काढलं तर, "तुम्ही जा. मी आठेच बठेल शे," म्हणजे इथेच बसलोय. त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि क्वार्टर तर सोडायचंच होतं. ती गाडी उचलून खोक्यात घातली तर आबांना उचलूनच न्यावं लागेल, अशी मला भीती वाटायची.

दिराचं धुळ्याला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे. मी त्यांना फोन करून चॅनेलचं सांगितलं.

"वहिनी, मी खिडक्या बसवतो. आगगाड्या नाही."

"खिडकीसारखंच आहे, भाऊजी. चाकावर सरकतं."

"दोन अँगलमध्ये फट किती?"

नवरा ते मिलिमीटरमध्ये सांगायचा. साडेसोळा. मी तेच सांगितलं.

"मिलिमीटर नका सांगू, माझी पोरं हसतील. पाच सूत झालं. होऊन जाईल."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. धुळ्यात काय नि जळगावात काय, खिडकीचं, लोखंडाचं, सुताराचं सगळं माप सुतातच बोललं जातं. पुढच्या आठवड्यात जुन्या चादरीत गुंडाळलेले चॅनेल घेऊन दीर टेम्पोतून आले.

तो क्वार्टर सोडायचा दिवस होता. संध्याकाळी चावी घ्यायला माणूस येणार होता. दुपारपर्यंत घर रिकामं झालं. भिंतींवर कपाटांचे चौकोन तेवढे उरले. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मागच्या खोलीत बोर्ड, गाड्या आणि स्टुलावर आबा.

दीर मला व्हरांड्यात घेऊन गेले. "वहिनी, मला आज परत जायचंय. एकेक डबा पेपरात गुंडाळू, अर्ध्या तासाचं काम. आबांना तोवर अंगणात बसवा. त्यांना कळणारही नाही."

"त्यांना कळेल."

"कळलं तर कळलं! किती दिवस असं चालायचं?"

"आधी चॅनेल लावून तर बघू."

यार्डातली मालगाडी पहिली घेतली. दिरांनी चॅनेल बोर्डाच्या टोकाला जुळवला, करंटच्या दोन वायरी चिमट्याने लावल्या. मी वेगाचा नॉब फिरवला. इंजिन निघालं, चॅनेलच्या तोंडाशी आलं, आत शिरलं आणि लगेच रडायला लागलं. मोटर गुरगुरत होती, चाकं घासत होती. वेगात आलेल्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मागून ढकलत होत्या. मी नॉब बंद करेपर्यंत मधली एक वाघीण वर उठली आणि कुशीवर पडली.

दिरांचा हात पुढे गेला.

"उचलू नको!"

आबा उभे होते. काठी खाली पडलेली.

दीर चिडले आणि चिडले की ते घरच्या बोलीवर येतात. "आबा, प्लास्टिकनी गाडी शे ती! पडी गई ते उचलानी नही का?"

"उचलं का सरनं बठ्ठं," आबा म्हणाले. उचललं की सगळं संपलं.

दिरांनी हात मागे घेतला. तो हात स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला. तापीवर जाताना त्याच खांद्यावर त्यांनी भावाला घेतलं होतं. बाहेर टेम्पोवाला कुणाशी तरी फोनवर हसत होता.

मी बोर्डाजवळ गेले. "आबा, हा अपघात झालाय. अपघाताला क्रेन चालते. ह्यांचाच नियम आहे."

त्यांनी वाकून त्या आडव्या वाघिणीकडे पाहिलं. "मंग ठेव," म्हणाले. मी ती दोन बोटांनी सरळ केली.

दिरांनी टेप काढला. चॅनेलमध्ये माप घेतलं, मग बोर्डावरच्या रुळांत घेतलं. पुन्हा चॅनेलमध्ये. "पाच सूत मोजून आहेत. रूळ आहेत पाच सूत आणि थोडं सैल. वहिनी, हे एवढंसं!" त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "खिडकी असती तर गिऱ्हाइकाला म्हटलं असतं, वापरून वापरून सैल होईल."

"इंजिनाला तसं सांगून बघा."

ते हसले. तापीवरून परतल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

एका बाजूचे स्क्रू ढिले केले तर भोकांना थोडी चाल होती, अँगल किंचित बाहेर सरकत होता. पण किती सरकवायचा? माझ्या पर्समध्ये ग्रंथालयातली रद्द झालेली कार्डं असतात. सगळं संगणकावर गेल्यापासून मी ती पुस्तकात खूण म्हणून घालते. मी एक कार्ड फाडून पट्ट्या केल्या. दिरांनी चॅनेल बनवताना मापाला वापरलेली पाच सुताची पट्टी दोन अँगलमध्ये धरली, तिच्या कडेला कार्डाची एक पट्टी सरकवली, स्क्रू आवळले. वाघीण बोटाने ढकलून पाहिली. अडकली. दोन पट्ट्या घातल्या. वाघीण शेवटपर्यंत गेली आणि स्पंजवर टेकली.

मग एकामागून एक चॅनेल. आवळायचं काम त्यांचं, कार्ड धरायचं माझं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं.

"शेठ, मी निघू का?" टेम्पोवाला दारातून ओरडला.

"निघ ना! संसार भरेल शे, घेऊन जा तुझ्या घरी!"

मालगाड्या गेल्या, मेल गेली. चावी घ्यायला माणूस आला आणि दारात कुलूप हातात धरून उभा राहिला. बोर्डावर आता फक्त लूपमधली पॅसेंजर होती.

आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "संध्याकाळ व्हयनी का?"

"झाली, आबा."

"मंग सोड."

"तुम्ही सोडा."

मी त्यांचं स्टूल नॉबपाशी सरकवलं. लूपचा पॉइंट मेन लाइनीला लावला. त्यांनी नॉब धरला. थोडा फिरवला, आणखी फिरवला. इंजिनाचा दिवा लागला, विझला. गाडी जागची हलली नाही.

"धूळ आहे," दीर म्हणाले. खिडक्यांवरचं सिलिकॉन पुसायचं थिनर त्यांच्याकडे होतं. ते रुमालावर घेऊन त्यांनी इंजिनापुढचे रूळ पुसले. "पण चाकांखाली कसं पुसू?" माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "ढकललेलं चालतं का?"

"चालतं. त्याला शंटिंग म्हणतात."

त्यांनी एका बोटाने इंजिनाला धक्का दिला. ते पुसलेल्या रुळावर आलं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. डबे एकामागून एक ताणले गेले. आबा नॉबकडे बघतच नव्हते. गाडी लूपमधून निघाली, वळणावर गेली, स्टेशनाला वळसा घालून चॅनेलच्या तोंडाशी आली. तिथे इंजिनाचा किंचित झोल गेला. मग इंजिन आत गेलं, त्यामागे डबे, आणि शेवटचा डबाही गेला. दिरांनी तोंडाला स्पंज लावला.

"गई?" आबांनी विचारलं.

"गेली, आबा."

त्यांनी नॉब बंद केला. स्टुलाखालच्या चपला पायांत घातल्या, टोपी ठीक केली आणि स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेले. जळगावपर्यंत तो चॅनेल आडवा त्यांच्या मांडीवर होता.

आता जळगावच्या बाहेरच्या खोलीत बोर्डाचा स्टेशनाकडचा अर्धा भाग आहे. यार्ड नाही. पुस्तकांची एक रॅक मी कॉलेजला देऊन टाकली, तिथे भिंतीवर फळ्या आहेत आणि फळ्यांवर चॅनेलमध्ये गाड्या आहेत. आबा दोन वेळा जेवतात. संध्याकाळी ते एक गाडी सोडतात आणि परत आत घेतात. लूप रिकामी असते.