द्राक्षबाग साजरी झाली

यवतमाळ जिल्ह्यातली सगळ्यात स्वच्छ द्राक्षबाग एके काळी माझी होती. तिच्यात द्राक्षाचा वेल तेवढा नव्हता. बाकी सगळं व्यवस्थित होतं.

ती कापसाच्या पडझडीची वर्षं. भाव सोडून कापसाला सगळं मिळत होतं. दौरे मिळत होते, समित्या मिळत होत्या, आणि सल्ला तर इतका मिळत होता की तो ठेवायला जिनिंगच्या गोदामात जागा पुरली नसती! पांढरी जीप यायची, तिच्यातून पांढरे कपडे उतरायचे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून "कापूस सोडा, पर्यायी पीक घ्या" असं सांगायचे आणि चहा पिऊन पुढच्या गावाला जायचे. मग कोणी सफेद मुसळी लावली, कोणी ससे पाळले. (ससे वाढले, घेणारे काही वाढले नाहीत. शेवटी सशांनीच कंटाळून कोणाकोणाच्या वावरात आपापली सोय लावून घेतली.) हे सगळं डोळ्यांसमोर घडत असूनही मी शहाणा झालो नाही, कारण मी दिग्रसला शाळेत भूगोलाचा मास्तर होतो. महिन्याच्या महिन्याला पगार होत असला की माणसाला शेतीतलं सगळं कळतं.

त्यात माझी बायको लता निफाडकडची. तिचे वडील, नाना, हे पिढीजात द्राक्षवाले. आमच्या लग्नापासून त्यांना एकच दुःख होतं, की पोरगी कापसात दिली. ते तोंडानं कधी काही बोलले नाहीत. फक्त दर हंगामात द्राक्षाची एक पेटी पाठवायचे, आणि ती पेटी अशा काही नजरेनं आमच्या घराकडं बघायची की लता दार लावून घ्यायची. "एकदा तरी इकडून तिकडं पेटी गेली पाहिजे हो," असं ती म्हणायची. तिला माझ्याकडून दागिना नको होता, साडी नको होती. नवऱ्याच्या मातीतला एक घोस तिला बापाच्या हातावर ठेवायचा होता.

वावर गावाकडं होतं आणि ते माझे मोठे भाऊ बघायचे. शामभाऊ. पऱ्हाटी (म्हणजे कापूस), सोयाबीन, तूर यांपलीकडं पीक असतं हे त्यांना मान्य नव्हतं. तरी त्यांनी लताकडं बघून विहिरीजवळचा तुकडा मला दिला.

"घे, खेळून घे," ते म्हणाले. "पन सांगून ठेवतो गजा, नाही जमलं तं पुढल्या मिरगाले तिथं पऱ्हाटी. मंग रडू नोको."

मी निफाडला जाऊन नानांचे पाय धरले. नानांनी मला त्यांच्या बागेत नेलं, पण द्राक्षांकडं बघूही दिलं नाही. खाली बघायला लावलं.

"जावईबापू, वेल काय, कोणीही लावतं. माती सांभाळावी लागते. तुमची काळी जमीन पाणी धरून बसते आणि उन्हात भेगाळते. वर्षानुवर्षं कापूस घेतला, पोत्यानं खत ओतलं, दमलीय ती. आधी तिच्यात जीव आणा. पाणी निघायला चर काढा. ओळीनं जंगली खुंट लावा. मधल्या पट्ट्यात ताग पेरा, गवत आलं तर येऊ द्या, वाढलं की कापून तिथंच पसरा. पण माती उघडी ठेवायची नाही! पोळा झाला की मी काड्या घेऊन येतो. मातीत हात घालीन. गांडूळ दिसलं तर कलम करीन. नाहीतर काड्या परत नेईन."

(हा जंगली खुंट म्हणजे रानटी द्राक्षाचं झाड. त्याला फळ नसतं, पण मूळ असं चिवट की भारी जमिनीलाही दाद देत नाही. त्याच्यावर चांगल्या द्राक्षाची काडी बांधायची. खाली मूळ रानटी, वर फळ घरंदाज. आमच्याकडच्या बऱ्याच पुढाऱ्यांची रचना याच्या उलटी असते.)

मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. चर काढले, खुंट लावले, प्रत्येकाजवळ बांबू रोवला, ताग पेरला आणि पाऊस पडला. मग जे काही उगवलं त्याला आमच्या भागात एकच शब्द आहे, तो म्हणजे बेइज्जती. कापसाच्या मुलखात वावरात गवत दिसणं म्हणजे सदरा न घालता लग्नाला जाण्यासारखं. श्रावणात माझा ताग माणसाएवढा झाला, खुंट बांबू गिळून बसले, आणि रस्त्यानं जाणारे लोक सायकली थांबवून हळहळू लागले.

शेजारच्या वावरातले सुदामकाका तर धुऱ्यावर येऊन उभेच राहिले.

"काहून मास्तर, वावर पडीत टाकलं काय?"

"नाही काका. हे आच्छादन आहे."

"कोनाचं?"

"मातीचं. माती उघडी ठेवायची नसते. उन्हानं तिच्यातले सूक्ष्मजीव नष्ट होतात."

"असं? आन् आमी जलमभर उघडीच ठेवली! लाज वाटली असन बिचारीले."

भाऊंना तर गावात तोंड दाखवायची पंचाईत झाली. ते दिग्रसला घरी आले, पाणी न पिता बसले आणि म्हणाले, "गजा, लोक मले विचारून राह्यले, भावाभावात भांडन झालं काय म्हून. काय सांगू?"

"सांगा की गजानन मातीचं आरोग्य सुधारून राह्यला."

"आरोग्य? मंग तिले दवाखान्यात ने नं! वावरात कायले ठेवली?" मग जरा नरमून त्यांनी विचारलं, "बरं, त्या वेलायले द्राक्षं कवा लागतीन?"

मी हसलो. ज्या हसण्यानं मी वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांना गार करत असे, तेच हसलो.

"त्याले कायले लागतीन द्राक्षं, भाऊ? ते सारं जंगली आहे. खरी द्राक्षं नाना आणून राह्यले निफाडाहून!"

"जंगली हाय ते?"

"निव्वळ जंगली!"

आता इथं कलम म्हणजे काय हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण वर्गात एका वाक्याची दहा वाक्यं करणाऱ्या मला नेमकं त्याच दिवशी थोडक्यात बोलायची हुक्की आली. आतून लतानं हाक मारून सांगितलं होतं, "अहो, भाऊंना नीट समजावून सांगा!" पण बायकोचं ऐकायला मी काय अडाणी होतो?

पोळा झाला. नानांचं यायचं ठरलं आणि नेमका तेव्हाच शाळेनं मला पुसदला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला धाडलं. (विषय होता 'विद्यार्थ्यांशी सुसंवाद'. यात माझी चेष्टा करायचा शिक्षण खात्याचा हेतू नसावा.) जाताना मी भाऊंना निरोप दिला.

"भाऊ, नाना येतीन मी परत आलो की. माणूस निफाडचा आहे. वावर साजरं दिसलं पाह्यजे."

"तू काई फिकीर करू नोको," भाऊ म्हणाले. मी फिकीर केली नाही. जन्मात पहिल्यांदा भावाचं ऐकलं, तेही तेव्हा!

मी पुसदहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दिग्रसच्या स्टँडवर उतरले. पांढरं धोतर, खिशात कलमाचा चाकू, आणि काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या. रात्रभराच्या प्रवासात त्यांनी स्वतः पाणी प्यायलं नसेल, पण काड्यांना पाजलं होतं. लतानं नवी साडी नेसली होती. आम्ही तिघं बैलगाडीनं गावाकडं निघालो आणि वाटेत मी नानांना मृदाशास्त्रावर एक छोटंसं व्याख्यान दिलं. ते ऐकत होते असं मला वाटलं. नंतर कळलं की ते झोपले होते.

वावर जवळ आलं तसा धूर दिसला. खरपूस वास आला. लतानं विचारलं, "अहो, बाग कुठंय?"

"त्या वळणानंतर."

वळण आलं आणि गेलं. समोर विहीर होती, आणि विहिरीजवळ एक काळाभोर चौकोन होता. सपाट, कोळपं फिरवलेला, गवताची काडी नसलेला! खुंट नव्हते, ताग नव्हता, बांबू नव्हते. चरसुद्धा बुजवून टाकले होते. एका कडेला सगळं उपटलेलं रान ढिगानं पडलं होतं आणि दुसऱ्या कडेला निम्मं गाव कणकेचे रोडगे भाजत बसलं होतं.

भाऊ धोतराला हात पुसत धावत आले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"पाय गजा! एक काडी सापडली तं नाव बदलजो माह्यं! सारं गाव लागलं होतं. तुह्यं जंगली मुळासकट काढलं. लय चिवट होतं बाप्पा! सुदामकाकाची कंबर धरली, लोखंडी सब्बल लावा लागली!"

"आणि बांबू?" मी कसंबसं विचारलं.

"त्याच्यावरच तं रोडगे भाजून राह्यलो! गवऱ्या ओल्या होत्या." मग ते नानांकडं वळले आणि हात जोडून म्हणाले, "या नानाजी. जागा साफ हाय. आना आता तुमची खरी द्राक्षं, कुठं लावता?"

सगळं गाव उत्सुकतेनं त्या गोणपाटाकडं बघायला लागलं. नाना माझ्याकडं वळले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, आता हे कशावर बांधू? तुमच्यावर?"

मी लताकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला फार लाज वाटली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कोणावर? या माणसांचा कापूस त्या वर्षी घरात पडून होता, आणि स्वतःची निंदणी-खुरपणी सोडून ती माझ्या पाहुण्यासाठी राबली होती. सुदामकाका कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं कौतुकाच्या अपेक्षेनं बघत होते.

शेवटी नानांनीच भाऊंना समजावलं. "भाऊ, ते जंगलीच हवं होतं. खाली ते राहतं, त्याच्यावर ही काडी बांधायची. मूळ त्याचं, फळ हिचं." आटोपलं! मला सबंध पावसाळ्यात जे जमलं नव्हतं, ते नानांनी एका दमात करून दाखवलं. भाऊंच्या हातातला रोडगा हातातच राहिला.

"गजा! हे तू मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं की."

"काय सांगतलं? जंगली हाय म्हनून सांगतलं! मंग आमी जंगली काढलं!"

"अहो पण..."

"आन् जाता जाता साजरं कर म्हनून बी सांगतलं! केलं नं साजरं?"

सुदामकाकांनी कंबर दाबत सरळ व्हायचा प्रयत्न केला आणि अगदी मनापासून विचारलं, "मास्तर, शाळंत पोट्ट्यायले बी असंच शिकवता काय?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. लताचा मात्र चेहरा तसाच होता.

तेवढ्यात नाना त्या काळ्या चौकोनात उकिडवे बसले आणि त्यांनी हात मनगटापर्यंत मातीत घातला. मूठ बाहेर काढून उघडली. तीत माती होती, कणीदार, आणि तिच्यातून एक गांडूळ बोटांवर चढत होतं, त्याच्यामागं दुसरं. नानांनी माती नाकाशी धरली.

"लता, इकडं ये. वास घे."

तिनं वास घेतला. भाऊही वाकले, त्यांनीही मूठभर माती उचलून चोळली आणि "आईच्यान!" एवढंच म्हणाले. या तुकड्यात त्यांनी जन्म घालवला होता, पण अशी माती त्यांनी फक्त लहानपणी आमच्या बापाच्या हातात बघितली होती.

"जिवंत झालीय माती," नाना म्हणाले. "जावईबापू, हे तुम्ही केलं?"

मी छाती पुढं काढली. "हो."

"छान. काहीही न करणं तुम्हाला उत्तम जमतं."

ते उठले आणि गोणपाट पुन्हा काखेत मारू लागले. गांडूळ दिसलं होतं, पण कलम करायला खुंट कुठं होता? तेव्हा लता पुढं झाली आणि तिनं ते गोणपाट धरलं.

"नाना, तुमच्या लहानपणी कुठं होते हो खुंट? काडी सरळ मातीतच खोचायचे ना?"

"खोचायचो. पण त्याला जपावं लागतं, पोरी. खुंटाचा चिवटपणा तिच्यात नसतो. पाणी साचलं की गेली."

"जपीन. मला गावाकडं राहावं लागलं तरी राहीन." तिनं नव्या साडीचा पदर खोचला. "भाऊ, सब्बल आणा. आणि चर आधी उघडा. तो ढीग इकडं ओढा, काडी लागली की माती झाकायची. का झाकायची ते सांगते, सगळे इकडं या."

आणि तिनं सांगितलं! उन्हात माती कशी भाजते, पाल्याखाली कशी ओल धरते, गांडूळ वर का येतं, सगळं चार साध्या वाक्यांत. सुदामकाका मान हलवत म्हणाले, "असं होय! मंग मास्तर थे आच्छादन आच्छादन काय म्हनून राह्यले होते?" गाव पुन्हा कामाला लागलं. बुजवलेले चर उकरले, उपटलेला ताग परत पसरला. भाऊ स्वतः सब्बलीनं भोकं पाडत होते आणि लता एकेक काडी खोचत होती. नाना मागून फक्त "जरा खोल" एवढंच म्हणत होते.

मी मदतीला म्हणून एक काडी उचलली.

"उलटी धरलीय," लता म्हणाली. "तुम्ही धुऱ्यावर बसा बरं."

मी धुऱ्यावर बसलो. कोणीतरी मला रोडगा दिला. उत्तम भाजला होता.

शेवटची काडी लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. भाऊंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पऱ्हाटी नाही अन् काई नाही. हा तुकडा आता लताबाईचा. थे सांगन तसं होईन." नानांनी खिशातला कलमाचा चाकू काढला आणि लेकीच्या हातात दिला. लता हसली आणि मग रडली.

मग भाऊंनी बाभळीच्या काट्या आणून तुकड्याभोवती चांगलं उंच कुंपण घालायला घेतलं. आपण अगदीच बिनकामाचे दिसू नये म्हणून मी धुऱ्यावरूनच म्हणालो, "हे बरं केलं भाऊ. इकडं ढोरं फार शिरतात."

लतानं पाला पसरता पसरता मान वर न करता सांगितलं, "ढोरं हाकललं की ऐकतात हो."