शाल नको, चार दिवस द्या

ताई गेल्याचा फोन तिच्या धाकट्या दिराचा होता. "झोपेतच गेल्या वहिनी. पुण्यवान बाई जी," ते म्हणाले. मी फोन ठेवून दिला. बोलले असते तर तोंडाला आवर राहिला नसता. माझी बहीण पुण्याईने गेली नाही. छातीचं दुखणं अंगावर काढून गेली, आणि ते तिने का अंगावर काढलं हे फोन करणाऱ्यालाही चांगलं ठाऊक होतं.

सुनंदाताई लग्न होऊन रायपूरला गेली तेव्हा ते जिल्ह्याचं गाव होतं. भाऊजी रेल्वेत. आधी बुढापारा वस्तीत भाड्याच्या दोन खोल्या, मग शंकर नगरात स्वतःचं घर. राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, तेव्हा भाऊजींनी मला स्कूटरवर बसवून गावभर फिरवलं होतं. "पाहून घे, आता इथं सगळंच येईन!" आलंही. मंत्रालय आलं, मॉल आले, तेलीबांध्याच्या तलावाभोवती रोषणाई आली. पुढे भाऊजींना स्मृतिभ्रंश झाला, तेव्हा कळलं की अशा माणसाला चार दिवस ठेवून घेईल अशी एक खोली काही या राजधानीत आपल्याला सापडत नाही.

ताई रडकी नव्हती. भाऊजींनी चष्मा डाळीच्या डब्यात ठेवला तर "आज वरणाले दिसन" म्हणून हसायची. पण गेल्या पावसाळ्यात तिच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, भरती व्हा, चार दिवसांचं काम आहे. तिथून वणवण सुरू झाली. वृद्धाश्रमवाले म्हणाले, "माताजी, जो भटक जाते हैं, उनको हम नहीं रखते." भाऊजींना पाहून दवाखानेवाल्यांनी विचारलं, "इनको तकलीफ क्या है, जो भरती करें?" पैसे भरून सांभाळायला मागवलेल्या माणसाला भाऊजींनी चोर समजून काठी हाणली; तो जेवायच्या आधीच पळाला. मुलगा नितीन बंगळुरूला. त्याला मराठी कळतं, बोलतो हिंदीत. "आई, टेन्शन मत लो, दिवाली में आके देखते हैं." दिवाळीत आला, फराळ केला, गेला. दीर म्हणाले, "तुमच्यावाणी आमच्यानं होत नाही, वहिनी." किती सोयीची स्तुती! दरवर्षी मी गोंदियाहून जाऊन आठ दिवस भाऊजींपाशी बसायची, पण नेमकी तेव्हाच खुब्याचं ऑपरेशन होऊन मीच अंथरुणात...

मग संक्रांत आली. मराठी मंडळाने हळदीकुंकवाला ताईचा सत्कार ठेवला. भाऊजींना कुठे ठेवणार? त्यांना सोबत घेऊनच ती गेली. त्याचा व्हिडिओ मला कोणीतरी कौतुकाने पाठवला. शाल, श्रीफळ, 'आजची सावित्री' म्हणून लांबलचक भाषण. ताईने माईक घेतला, शेजारच्या भाऊजींकडे हात केला. "शाल नका देऊ, घरी दोन हायेत. मले दवाखान्यात भरती व्हाचं हाय. चार दिवस यायच्यापाशी कोन बसते, तेवढं सांगा."

हशा पिकला. मग टाळ्या! किती साधी बाई, किती विनोदी! शाल तिच्या खांद्यावर टाकलीच. व्हिडिओत ताई टाळ्या थांबायची वाट पाहत उभी दिसते, कोणी उत्तर देईल म्हणून... टाळ्या थांबल्या आणि तिळगूळ वाटायला सुरुवात झाली. एकदा सावित्री म्हटलं की काम भागतं. सावित्रीला सुट्टी लागत नाही, तिच्या छातीतही दुखत नाही. महिन्याभरात ताई गेली.

आणि आता ऐका. मी काठी टेकत पोचले, तर संध्याकाळपर्यंत भाऊजींसाठी पाळ्या लागलेल्या! नितीनला महिन्याची सुट्टी मिळाली. दिरांना सगळं जमू लागलं. मंडळाच्या बायका डबे घेऊन आल्या आणि मलाच समजावू लागल्या, "हव ताई, आमी हावो न, तुमी काहून काळजी करून राहिल्या?" इतकी माणसं होती तर! मग ताई जिवंत असताना ही सगळी कुठल्या बिळात बसली होती? तेराव्याच्या पंगतीत मी हे मोठ्यांदा विचारलं. कोणीतरी माझ्या पानात आणखी एक लाडू वाढला.

मी अजून तिच्याच घरी आहे. स्वयंपाकघरात ओट्यापाशी तिची प्लास्टिकची खुर्ची आहे, भाजी निवडतानाही भाऊजींचा पलंग दिसावा अशी तिरपी ठेवलेली. ती सरळ करायचं माझ्या जिवावर येतं. भाऊजी दारात येऊन खुर्ची रिकामी पाहतात आणि परत जातात. काल मात्र थांबले.

"सुनंदा कुठी गेली?"

खरं सांगायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, "बाहेर गेली, भाऊजी."

त्यांनी मान डोलावली. "जाऊ दे तिले. लय थकली हाय. लवकर ये म्हनू नको."