करंजाखालचा म्हसोबा

विजयश्री लँडस्केप आर्किटेक्ट झाली, तरी तिचे वडील रंगराव तिला आजही 'आमची बागवाली इंजिनिअर' म्हणतात. औशाहून येऊन भोसरीच्या वर्कशॉपात लेथवर उभं राहून त्यांनी तिला शिकवलं. त्यांना तेवढं कळलं तरी पुष्कळ. बिल्डरांना मात्र कळूनही उपयोग नव्हता. इमारती उभ्या राहणार, पार्किंगचा स्लॅब पडणार आणि मग फोन येणार, "मॅडम, आता जरा हिरवं करून द्या." स्लॅबवर माती दीड फूट, आणि तीत वड लावा म्हणणारे महाभागही तिला भेटले होते.

मोशीच्या कामावर तिला प्रथमच सुरुवातीपासून घेतलं. बबनराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात इमारती होणार होत्या आणि बांधावर एक जुना करंज होता. अख्खी पंगत बसेल एवढी त्याची सावली. विजयश्रीने सगळा नकाशा त्याच्याभोवती आखला. साइट इंजिनिअर कुलदीपने तो पाहिला आणि म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर तिथेच येणार, मॅडम. झाड जाणार." तिने अर्ज केले, बैठकांत भांडली, शेवटी हातापाया पडली. कोणी बधलं नाही.

मग तिने आपल्या गावाकडची युक्ती केली. खोदकामात निघालेला एक गोटा उचलला, त्याला शेंदूर फासला आणि करंजाच्या बुंध्याशी ठेवून दोन फुलं वाहिली. जेसीबीवाल्याने तो पाहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि मशीन मागे घेतलं. ट्रान्सफॉर्मर दुसरीकडे गेला. त्या दिवशी तिने सगळ्या साइटला भेळ खाऊ घातली.

लोक राहायला आले, गोट्याचा म्हसोबा झाला आणि नवसाला पावू लागला. कोणाची कंपनीत नोकरी पक्की झाली, कोणाचं लग्न जमलं. आधी पत्र्याचं छप्पर आलं, त्याला आड येणाऱ्या फांद्या गेल्या. मग चौथरा झाला आणि बुंध्याला घट्ट भिडवून ग्रॅनाइट बसलं. विजयश्री बघायला गेली तेव्हा शेंडा वाळला होता. मुळांना ना पाणी, ना हवा. तिला रडू आलं.

देवस्थानचे अध्यक्ष आता बबनरावच होते. ती म्हणाली, "बुंध्याभोवतीची फरशी तेवढी फोडा. झाड गुदमरतंय."

"देवाच्या अंगणात घण घालू? न्हाई जमायचं, ताई."

"देव नाही हो तो! दगड मी ठेवलाय. पायाच्या खड्ड्यातला. झाड वाचावं म्हणून."

आता बबनराव शिव्या घालणार, असं तिला वाटलं. घालाव्यात, असंही वाटलं. पण त्यांनी टोपी काढून हात जोडले.

"म्हंजी देवानं तुमाला बोलावलं व्हय! आमच्या बापजाद्यांनी त्या बांधाला लागून नांगर धरला, पर आमाला कदी दिसला न्हाई." ते आरतीला जमलेल्यांकडे वळले. "आरं, ह्या ताईंना घावला बगा देव!"

बायका पुढे सरसावल्या.

"पण झाड मरतंय, बबनराव!"

"त्याचं नगा मनाला लावून घेऊ. वाळलं की तितंच कळस चढवू. नकाशा तुमीच काढायचा."

ती आणखी काही बोलणार, तोवर एका म्हातारीने तिच्या पायांवर डोकं टेकवलं होतं, आणि विजयश्रीला पाय मागे घेता येईना.