लॅमिनेशन केलेलं पान

माझे वडील दीपगृहांचे इंजिनीअर होते. हिंगोलीत हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, कारण इथून समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. चारचौघांत मराठी बोलण्याआधी वाक्य मनात जुळवून पाहते, म्हणून बहुतेक वेळा गप्पच राहते.

दीपगृहाच्या भिंगाला दिवसा पडद्याने झाकावं लागतं, नाहीतर त्यातून ऊन एकवटून आग लागू शकते. निवृत्तीनंतर पप्पांनी ही सवय घरी आणली. दिवसा बैठकीचे पडदे ओढलेले, आणि ते दिव्याखाली चिमट्याने पोस्टाची तिकिटं लावत बसलेले. देशोदेशीच्या दीपगृहांची तिकिटं. दर बदलीला सामान ट्रकमधून जायचं, अल्बम मात्र त्यांच्या मांडीवर.

यंदा चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी आमच्या गावाने, साखऱ्याने, पुठ्ठ्याचं दीपगृह उभारायचं ठरवलं. आपल्या माणसाचा मान म्हणून. पप्पांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, अल्बम न्यायला आले. तिकिटं त्या मनोऱ्यावर चिकटवायची होती. आधी नमुन्याला नेलेलं एक पान त्यांनी कौतुकाने पुढे केलं. सेनगावहून लॅमिनेशन करून आणलं होतं.

"बघ, आता पाणी पडलं तरी काय होत न्हाई. समदा अल्बम असाच करून टाकू."

प्लास्टिकखाली बुडबुडे आले होते. तिकिटं आता कधीच सुटणार नव्हती.

"छान केलं, दादा," पप्पा म्हणाले, आणि अल्बम आणायला उठले. मोठ्या बाबांनी शाळा सोडून, लोकांच्या शेतात राबून त्यांना शिकवलं होतं. त्यांना पप्पा कधीच नाही म्हणाले नव्हते.

अल्बम मी आधीच उचलला होता.

"देणार नाही."

"काहून?"

वाक्य जुळेना. "खराब होतात. हे पान खराब झालंय."

"वा! बाप उजेडाचा इंजिनीअर अन् लेक उजेड झाकून राहिली. गावाला दाखवायची लाज वाटून राहिली का, इंग्लिश मॅडम?"

"लाज नाही वाटत. गावाला इथे आणा, एकेक पान उलटून दाखवते. चिकटवू देणार नाही."

"तुला कोण विचारलं? मी तुझ्या बापाला विचारून राहिलो."

"ते तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. म्हणून मी म्हणतेय."

पप्पांनी प्लास्टिकखालच्या बुडबुड्यांवरून अंगठा फिरवला. मग इंजिनीअरचं मराठी सोडून गावचं बोलले. "पोरगी बराबर बोलली, दादा. मनोऱ्यावरचा दिवा मी करून देतो. फिरणारा. तिकिटं राहू द्या."

मोठे बाबा चहा न घेता गेले.

मिरवणुकीत मनोऱ्यावर पप्पांचा दिवा फिरत होता. पुढे मोठे बाबा चालत होते. मला पाहून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. एरवी मी कोणाच्या तरी पाठीमागे सरकले असते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला, त्यांना दिसेन अशीच उभी राहिले.