शून्याचं बिल

गुरुराज निपाणीकर रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी हुबळी विभागात आणि सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात. इंजिनातला माणूस पुढचं बघतो, गार्ड मागचं: काय सुटलं, काय सांडलं, कोण धावत येतंय. निवृत्त झाल्यावर ते देशाकडेही तसंच बघू लागले. नवीन काही आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आणि जुन्याचं काय केलंत?"

धारवाडला केलगेरी तळ्याच्या बांधावर सिमेंटचा एक बाक आहे. सकाळचं फिरणं झालं की तिथून देश चालवला जाई. एका टोकाला गुरुराजअण्णा, दुसऱ्या टोकाला विरुद्ध पक्षाचे रामचंद्र वकील आणि मध्ये बाळाचार्य. आचार्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येई, म्हणूनच ती जागा त्यांना दिलेली होती.

अण्णांची मतं पक्की होती. शेजाऱ्याने सीमेवर आगळीक केली तर खलिते धाडत बसू नये. गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा हवाच, आणि ज्याला तो नको असेल त्याच्या दाराकडे तो आधी वळवावा. वीज हवी तर कैग्यासारखे अणुवीज प्रकल्प आणखी काढावेत. सूर्य चांगला, पण रात्री ड्यूटीवर नसतो. ज्या गावात चार-चार दिवस नळ कोरडा असतो त्या गावाने स्मार्ट सिटीच्या गप्पा जपून माराव्यात. आणि सगळ्यांच्या वर एक मत: सरकारने धडधाकट माणसाला काही फुकट देऊ नये.

"फुकटची वस्तू माणूस वापरत नाही री, उडवतो," ते म्हणत.

"आणि तुमचा रेल्वेचा पास, गार्डसाहेब?" वकील विचारत.

"तो कमावलेला आहे."

"मग लोकांनीही मत देऊन कमावलंच की!"

राज्य सरकारने घरगुती वीज दोनशे युनिटपर्यंत फुकट केली तेव्हा अण्णांनी अर्ज केला नाही. उलट बाकावरून उठून जाहीर केलं, "ज्या दिवशी माझ्या घरात शून्याचं बिल येईल त्या दिवसापासून ह्या बाकावर राजकारणाचा शब्द काढणार नाही." हे बाळाचार्यांनाही ऐकू गेलं. पेन्शन, पत्नी आणि बाक एवढीच अण्णांची इस्टेट. त्यातला बाक त्यांनी गहाण टाकला होता.

पुढे दोन वर्षं ते बिल भरत राहिले. भरणा खिडकीपुढे आता रांगही नसे, याचाही त्यांना अभिमान होता.

मग एके दिवशी मीटरवाल्याने फाटकातून चिठोरी दिली, आणि तिच्यावर शून्य होतं. अण्णांनी ती उलटी करून पाहिली. मागेही काही नव्हतं.

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र सरी अदा री," मीटरवाला म्हणाला. यंत्र ठीकच होतं. "अक्कांनी अर्ज केलाय ना?"

अंबूताई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "केला. कॉलनीत एकटीच शहाणी किती दिवस राहू? मीठ, साबण, साडी, सगळ्यावर कर मीही भरतेच की."

"अगं, मी चार माणसांत शब्द दिलाय!"

"जागा माझ्या वडिलांनी दिली, म्हणून घर माझ्या नावावर, मीटर माझ्या नावावर. तुमची मतं तुमच्या नावावर आहेत. ती मी कधी मागितली?"

योजनेतून नाव काढून घेता येत होतं, पण मीटर ज्याच्या नावावर त्यानेच अर्ज करायला हवा होता. अंबूताई तो करणार नव्हत्या. अण्णांनी पलंगावर बसून विचार केला. हे बिल छापून झालं होतं. पण पुढचं अजून आपल्या हातात होतं. दोनशेच्या वर गेलं की सवलत जाते, सगळं बिल भरावं लागतं. एक महिना चुकून आलं असं म्हणता येईल, पुढच्यापासून मान ताठ. मात्र घरात दोन म्हातारी माणसं. आंघोळीचं पाणी बंबावर, तेही नारळाच्या शेंड्या जाळून. दोनशे युनिट म्हणजे त्यांच्या घराला तीर्थयात्राच.

तरी त्यांनी कंबर कसली. माळ्यावरचा गीझर खाली आला. भरदिवसा फाटकावरचा दिवा लागला. "सुरक्षेसाठी," त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं. रिकाम्या खोल्यांत पंखे फिरू लागले. पण अण्णा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले की त्यांचा हात आपोआप मागे जाई आणि बटण बंद करी. जन्मभर रिकाम्या डब्यातला दिवा जळू न दिलेला हात तो. तत्त्वासाठी वीज जाळायची होती, आणि तत्त्वच ती जाळू देईना.

मग वाट सापडली. रामचंद्र वकिलांची विजेची स्कूटर होती, आणि त्यांच्या अपार्टमेंटमधला चार्जिंगचा प्लग जळला होता. "आमच्याकडे लावा की वकील," अण्णा बाकावर म्हणाले. वकिलांनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

स्कूटर रोज येऊ लागली. अण्णांनी तिची वायर स्वतःच्या हाताने जोडावी, वकिलांनी चहा घ्यावा. पहिल्या आठवड्यात वकिलांना संकोच वाटला. ते म्हणाले, "उद्यापासून नको, फार होतंय."

"घ्या हो वकील, लाजू नका," अंबूताई आतून चहा घेऊन आल्या. "यांना दोनशेच्या वर जायचंय. घरी शून्य बिल आलंय, ते पुसून काढताहेत."

वकिलांचा कप बशीवर टेकला. चेहऱ्यावर एकेक रेघ उमलत गेली. "थांबा, म्हणजे फुकटची वीज नको म्हणून तुम्ही फुकट वीज वाटताय? अण्णा, आमच्या पक्षात या हो! तिकीट मी मिळवून देतो!"

अण्णा उठले, अंगणात गेले आणि त्यांनी प्लग काढला.

वकील चटकन गंभीर झाले. माणूस वाईट नव्हता. "बाकावर मी बोलणार नाही, अण्णा. देवाशपथ."

"तुम्ही नका बोलू. मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाकापुढे उभं राहून सांगितलं, घरी शून्य बिल आलं आहे, शब्दाप्रमाणे आजपासून तोंड बंद. बाळाचार्यांसाठी पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं. आणि ते बसले.

बसले ते खरोखरच गप्प. वकिलांनी दोन दिवस वाट पाहिली, मग खडे टाकायला सुरुवात केली. सैन्य निम्मं केलं तरी चालेल. कैगा बंद करून तिथे बाग करावी. पुढच्या निवडणुकीत बायकांसारखी पुरुषांनाही बस फुकट. अण्णांच्या मानेची शीर टरारून येई, पण नजर पाण्यावरच्या बगळ्यांवर खिळलेली. आठवड्याभरात वकिलांची वाक्यं अर्ध्यातच विझू लागली. अडवणारं कोणी नसेल तर ती संपवायची कशी, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं.

शब्द मात्र बाकापुरता होता. घराबद्दल अण्णांनी कोणालाच काही कबूल केलं नव्हतं.

चहाबरोबर देशाची सीमा आली. नारळ खवताना अणुवीज आली. वकिलांच्या प्रत्येक खड्याला सविस्तर उत्तर, मुद्देसूद, अंबूताईंच्या मागे मागे, देवघरापर्यंत. त्यांनी टीव्ही मोठा केला. अण्णांनी टीव्हीतल्या माणसालाही उत्तर दिलं. त्या फुलं तोडायला गेल्या, तर तिथे कॅमेऱ्याचा प्रश्न उभा होता.

एका सकाळी अंबूताई जरीकाठी नेसून बाहेर पडल्या आणि दोन तासांनी परत आल्या.

"नाव काढून आले."

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "पटलं तुला?"

"काहीही पटलेलं नाही. मला घर शांत हवंय. उद्यापासून बाकावर जाऊन बोला. पण एक अट. मी बेळगावला बहिणीकडे फुकटच्या बसने जाणार. त्यावर एक अक्षर नाही. इथे नाही, तिथेही नाही."

अण्णांनी दाढी खाजवली. अट मोठी होती. "कबूल," ते म्हणाले. "पण उद्यापासून कसा बोलू? आधी भरायचं बिल हातात येऊ दे, भरू दे. तोवर बाकावर गप्पच."

"म्हणजे आणखी महिनाभर?"

"शब्द म्हणजे शब्द."

अंबूताईंनी आत जाऊन बॅग काढली.

संध्याकाळी अण्णाच त्यांना स्टँडवर सोडायला आले, बॅग त्यांच्याच हातात. बसमध्ये बायका बसलेल्या, पुरुष उभे. कंडक्टरने अंबूताईंना शून्याचं तिकीट दिलं. खिडकीखाली उभ्या अण्णांना ते स्पष्ट दिसलं. त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"काही म्हणायचंय?" अंबूताईंनी विचारलं.

"काही नाही. पोचलीस की फोन कर."

"करीन. फोन मीच करीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही करू नका."