लाल पासपोर्टातला मनाफ

गावी येताना तोराब उल्ला विमानात एकदा तरी संडासात जाऊन खिसे बदलायचा. ब्रॅडफर्डहून निघताना लाल ब्रिटिश पासपोर्ट छातीशी असायचा आणि हिरवा बांगलादेशी पिशवीच्या तळाशी. ढाका दोन तासांवर आलं की लाल खाली जायचा, हिरवा वर यायचा. दोन पासपोर्ट पुष्कळांकडे असतात. आमच्या सिलेटकडच्या गावांत घरटी एक तरी ‘लंडनी’ निघतो, मग तो लंडनात राहत असो वा नसो. पण तोराबच्या दोन पासपोर्टांत नावंही दोन होती आणि बापही दोन. हिरव्यात तोराब, बाप इरफान उल्ला. लालमध्ये मनाफ, बाप हारिस उल्ला.

हारिस म्हणजे तोराबचा मोठा चुलता. तो ब्रॅडफर्डच्या कापडगिरणीत होता. १९६६ साली त्याला मुलाला तिकडं न्यायची परवानगी मिळाली. कागद गावात पोचले तेव्हा त्या मुलाला, मनाफला, पटकीनं जाऊन दोन महिने झाले होते. एवढ्या नवसासायासानं आलेला कागद वाया कसा घालवायचा? मनाफ तेरा वर्षांचा होता, तोराबही तेराचाच. विमानतळावर इरफाननं मुलाची मान धरून सांगितलं, “आजपासून मी तुझा चाचा. तिथं तुझ्या तोंडून माझ्यासाठी ‘अब्बा’ निघालं तर समज, सगळं खानदान बुडवलंस.”

मागं राहिली मनाफची आई, गुलेजान. तिला बजावलं गेलं, रडायचं नाही; रडलीस तर बातमी फुटेल. तळ्यामागच्या सुपारीच्या झाडांखाली पोराला पुरलं होतं, तिथली माती दीरानंच पायानं सपाट केली. कुणी विचारलं की म्हणायचं, मुलगा लंडनला आहे. ती म्हणत राहिली. नवरा तिकडंच वारला, तरी म्हणत राहिली.

तोराब गिरणीत लागला. गावचीच मुलगी केली, तिला मनाफची बायको म्हणून नेली. चार मुलं झाली, कागदावर चौघंही हारिसची नातवंडं. आई वारल्याची तार आली तेव्हा त्यानं रजा मागितली. मुकादमानं कागद चाळले. “तुझी आई तर जिवंत आहे की. ही चाची ना? चाचीसाठी तीन आठवडे मिळत नसतात.” तोराब त्या रात्री पाळीवर उभा राहिला. धागा तुटला तर जोडायचा, एवढंच त्याला करायचं होतं.

बांगलादेश झाल्यावर त्यानं सिलेटच्या एका एजंटाकडून खऱ्या नावाचा हिरवा पासपोर्ट करवून घेतला. बायको म्हणाली, “ह्याचा उपयोग काय?”

“काही नाही. अब्बांचं नाव आहे त्यात.”

गावात बापाच्या जागेवर त्यानं दुमजली पक्कं घर बांधलं. त्यात बाप राहायचा आणि धाकटा भाऊ मुजम्मिल, बायकापोरांसह.

१९९४ साली भातकापणीच्या दिवसांत बापाचं जास्त झालं म्हणून तोराब आला. म्हातारा खाटेवर होता. तोराबनं त्याचा हात हातात घेतला. म्हाताऱ्यानं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं आणि शेजारी उभ्या मुजम्मिलला विचारलं, “भाईसाबचा मनाफ आला का?”

तीन दिवसांनी तो गेला. जनाजा झाला, कबरीपाशी माणसं जमली. आमच्यात बापाला कबरीत मुलगे उतरवतात. तोराबनं लुंगी खोचली, पाय पुढं टाकला, तशी मुजम्मिलनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

“तुम्ही थांबा, भाईसाब. मुलगा उतरेल.”

“मग मी कोण?”

“ते शुक्रवारी बसून ठरवू. आत्ता मय्यतीसमोर तमाशा नको.”

तोराब काठावर उभा राहिला. वरून त्याला फक्त भावाची पाठ दिसत होती.

शुक्रवारी नमाजानंतर हाजी मोकद्दसच्या अंगणात पंचायत बसली. मुजम्मिलनं लाल पासपोर्ट हाजींपुढं ठेवला. तोराब तळ्यावर आंघोळीला गेला होता तेव्हा त्यानं तो पिशवीतून काढला होता.

“हाजीसाब, वाचा. बापाचं नाव हारिस उल्ला. म्हणजे हे माझे चुलतभाऊ. मुलगा असताना पुतण्याला घरात वाटा कुठला?”

“घर मी बांधलं!” तोराब ओरडला.

“बांधलंत ना. चाचासाठी बांधलंत, अल्ला तुम्हाला सवाब देवो.”

दोघंतिघं खाली बघून हसले. खरं काय ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण हाजींचे दोन मुलगे मेहुण्याचे मुलगे म्हणून बर्मिंगहॅमला होते. पंचांपैकी एकाचा नातू कागदावर त्याचा भाऊ होता. एकाचं सूत ओढलं तर सगळ्यांचीच लुंगी सुटणार होती.

हाजी खाकरले. “आम्हाला काय माहीत आहे ते वेगळं, बेटा, आणि छापलंय ते वेगळं. गुलेजानबीबींना बोलवा. आई चुकणार नाही.”

तोराबच्या जिवात जीव आला. चाचीनं कधी त्याला धड हाक मारली नव्हती. पण तिचा मुलगा मेला आहे, एवढं तरी ती सांगेल.

गुलेजान आली, ओट्यावर टेकली. गालातलं पान तिनं सावकाश एका बाजूला सारलं.

“बीबी, हा कुणाचा मुलगा?”

“हा? हा माझा मनाफ.”

“चाची, खुदाचा वास्ता...”

“आईला चाची म्हणतात होय रे?” म्हातारी शांतपणे म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं तुम्ही सगळे मला सांगत आलात, तुझा पोर लंडनला आहे. दीरानं माझ्या तोंडावर हात दाबून सांगितलं. मी एक टिपूस काढलं नाही. आता पोर दारात आलाय, तर तो नव्हे म्हणू? मला माती देईपर्यंत तो माझाच.”

कुणी हसलं नाही. मुजम्मिलसुद्धा नाही.

हाजी तोराबकडं वळले. “तुझं म्हणणं वेगळं असेल तर लेखी दे. आम्ही सह्या करू.”

“आणि तो कागद,” मुजम्मिल म्हणाला, “ढाक्याला ब्रिटिश साहेबांच्या व्हिसा ऑफिसात मी स्वतः नेऊन देईन. म्हणजे वहिनींच्या आणि मुलांच्या कागदांचंही ते बघतील.”

तोराबची थोरली मुलगी त्या वर्षी कॉलेजात गेली होती. धाकटा नऊ वर्षांचा होता. तोराबनं एकदा म्हातारीकडं पाहिलं. तिनं नजर हलवली नाही.

“मी मनाफ,” तो म्हणाला.

निघायच्या दिवशी तो घरी कपडे घ्यायला गेला. मुजम्मिलनं त्याची पिशवी आधीच भरून बाहेरच्या बैठकीत ठेवली होती. पिशवीत लाल पासपोर्ट होता, हिरवा नव्हता; घरी आल्यावर तोराबनं तोही पिशवीतच टाकला होता.

“हिरवा कुठंय?”

“तो अब्बांच्या मुलाचा आहे. घरातच राहू दे.” मग भाऊ आत ओरडला, “अगं, पाहुण्यांना चहा दे!”

चहा पाहुण्यांच्या कपात आला, बशीत दोन बिस्किटं. तोराब बैठकीतच टेकला. तो चहा प्यायला.

गुलेजाननं तिच्या झोपडीत त्याला जेवू घातलं. शिदळ, म्हणजे मुरवलेल्या मासळीचं कालवण होतं. त्याच्या वासानंही तोराबला लहानपणापासून मळमळायचं.

“मनाफचं फार आवडीचं,” ती म्हणाली. “जेव.”

तो जेवला. तिनं आणखी वाढलं. दारामागं जाऊन तो ओकला, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि पुन्हा पानावर बसवलं.

रिक्षा आली तेव्हा ती बांधापर्यंत चालत आली.

“महिन्याला एक पत्र टाकत जा. मौलवीकडून वाचून घेईन. अम्मा म्हणून लिही, आणि खाली सही नीट कर.”

गुलेजान त्यानंतर अकरा वर्षं जगली. तेवढ्या वर्षांत तोराब गावी आला नाही. हिरवा गेल्यावर आपल्याच मुलखात यायला व्हिसाच्या रांगेत उभं राहायची त्याची तयारी नव्हती. पण पत्र एकाही महिन्याचं चुकलं नाही. पहिली दोन-तीन वर्षं तो रिकामं पान पुढ्यात घेऊन बराच वेळ बसायचा. पुढं पुढं हात आपसूक लिहायला लागला. एकदा बायकोनं स्वयंपाकघरातून नेहमीसारखी ‘तोराब’ म्हणून हाक मारली. तो लिहीत होता. तिनं तीन हाका मारल्या, त्याला एकही ऐकू गेली नाही.