दोन उपासनांमधला माणूस

सुतारकाकांबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि तिथेच मला लाज वाटायला लागते. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त झाले, पण माणसांना रांगेत उभं करायची खोड काही गेली नाही. शाळा सुटली तशी मी चर्चच्या मागे लागले.

सुतारकाका साठीच्या पुढचे, अंगाने काटकुळे. रविवारीसुद्धा कानामागे पेन्सिल असायची आणि दारातच काकू ती काढून घ्यायच्या. चर्चमधलं एकही बाक, एकही खिडकी अशी नव्हती जिला त्यांचा हात लागला नव्हता. काम सांगितलं की ते लाकडावर बोटाने टकटक करून म्हणायचे, "होईल." त्यापुढे बोलणं नाही.

भांडण लागलं ते रंगकामामुळे. भिंती रंगवायच्या म्हणून प्रवचनाचं लाकडी व्यासपीठ मधून उचलून डावीकडे खिडकीपाशी ठेवलं होतं. रंग वाळला तरी काहीजण म्हणाले, तिथेच राहू द्या, उजेड चांगला येतो, प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षरसाचं मेजही सगळ्यांना दिसतं. मी म्हटलं, आजोबांच्या काळापासून ते मधे आहे, मधेच राहील. डाव्या बाजूची पुढारी कोण, तर माझी सख्खी धाकटी जाऊ. ती दवाखान्यात नर्स, राहायला माझ्याच वरच्या मजल्यावर, आणि हट्टाला पेटली की माझ्या तोडीस तोड. दोन महिन्यांत आमचं बोलणं बंद झालं. चार महिन्यांत मंडळीच्या दोन उपासना झाल्या. आठची आमची, व्यासपीठ मधे. दहाची त्यांची, व्यासपीठ डावीकडे. पाळकसाहेब बिचारे एकच, तेच प्रवचन दोनदा करायचे.

मधल्या अर्ध्या तासात व्यासपीठ सहा फूट सरकवायचं काम सुतारकाकांकडे गेलं. जुनं, भरीव लाकडाचं धूड ते. काका खाली गोणपाट सारायचे आणि एकटेच ओढायचे. दहाची उपासना संपली की पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा मधे. त्यांनी एकदा सुचवलंही होतं, "खाली चाकं बसवू का?" आम्ही म्हटलं, व्यासपीठ आहे का हातगाडी? जाऊच्या बाजूच्या लोकांनीही अगदी हेच उत्तर दिलं. दोन वर्षांत आमचं एकमत झालं ते फक्त या बाबतीत.

आणि एका शनिवारी कळलं की काकांना हर्निया झालाय, सोमवारी ऑपरेशन आहे. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? उद्या व्यासपीठ कोण सरकवणार! चार फळं घेतली आणि दुपारीच त्यांच्या घरी गेले. बघते तर खुर्चीत जाऊ बसलेली. तिच्याही मांडीवर फळांची पिशवी.

काका कॉटवर उताणे पडून एका कागदावर काहीतरी आखत होते. मला म्हणाले, "बाई, बरं झालं आलात. पहार अशी घातली तर दोघा जणांना सहज सरकवता येईल बघा." कागदावर व्यासपीठाचं चित्र होतं, बाण काढलेले. विचारायच्या आधीच त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं.

काकूंनी तो कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. "पुरे झालं आता. बाई, सोमवारी यांना भूल देणार. त्याआधी एकदा प्रभुभोजन मिळावं एवढंच यांचं म्हणणं आहे. दोन वर्षं झाली, भाकरीचा तुकडा तोंडात नाही."

"असं कसं?" मी म्हटलं. "ते दहाच्या उपासनेत घेतात ना?"

"मला वाटायचं आठच्या," जाऊ म्हणाली.

कोण कुठल्या उपासनेला बसतं त्याच्या माझ्या यादीत त्यांच्या नावापुढे मीच माझ्या हाताने 'दहा' असं लिहिलं होतं. तिच्या यादीत 'आठ' होतं.

"मग तुम्ही बसायचात कुठे?" मी विचारलं.

"बाहेर, पायरीवर," काका म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "आठला आत बसलो असतो तर दहावाल्यांनी म्हटलं असतं, हा त्यांचा माणूस. मग मला हात लावू दिला असता का व्यासपीठाला? दहाला बसलो तर तुम्ही."

नसता दिला. मला पक्कं माहीत आहे, मीच नसता दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊने मान खाली घातली होती, आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळणारे कपडे बघत राहिले.

पाळकसाहेबांना फोन मी केला. ते भाकरीचा डबा आणि छोटा पेला घेऊन आले, आम्हा दोघींना एका खोलीत बघून दारातच थबकले. मग नेहमीप्रमाणे म्हणाले, ज्यांचा आपल्या भावाबहिणींशी समेट आहे त्यांनी हात पुढे करावा.

काकांनी केला. आमचे हात मांडीवरच राहिले. पाळकसाहेब थांबून राहिले. घाई करणारा माणूसच नव्हे तो. शेवटी मी जाऊला म्हटलं, "चुकलं माझं." आयुष्यभर पोरांकडून वदवून घेतलेलं वाक्य, पण स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. ती म्हणाली, "ताई, मी रोज जिन्यात तुमची चाहूल घ्यायची आणि तुम्ही गेल्यावर खाली उतरायची." मग ती रडली, मीही रडले. काका मात्र डोळे मिटून पाळकसाहेबांनी हातावर ठेवलेला भाकरीचा तुकडा सावकाश चावत होते, संपू नये म्हणून चावावा तसा.

दुसऱ्या दिवशी एकच उपासना झाली, नऊ वाजता. कुरकुर झाली, दोन घरं आलीच नाहीत. पण व्यासपीठाला कुणी हात लावला नाही.

महिनाभराने काका काठी टेकत आले. सगळे दाराशी जमले. मी म्हटलं, "काका, आता तुम्हीच सांगा व्यासपीठ कुठे ठेवायचं. तुम्ही म्हणाल ते कायमचं."

"मला काय विचारता बाई? पायरीवरून दोन्हीकडचं सारखंच ऐकू यायचं."

एवढं बोलून ते आत गेले आणि बाकांच्या मधल्या वाटेत उभे राहून इकडे-तिकडे बघू लागले. त्यांना त्यांच्या जागी नेऊन बसवावं म्हणून आम्ही दोघी पुढे झालो. पण त्यांची जागा कुठली, ते आम्हा दोघींपैकी एकीलाही आठवेना.